पलीकडच्या काठावरचा टॉवर

पुण्यात नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्याची आणि नदीची पहिली भेट ब्रोशरमध्ये होते. तिथली नदी निळी असते, तिच्यात एक होडी असते, होडीत एक जोडपं असतं आणि त्या जोडप्याने पांढरे सुती कपडे घातलेले असतात. मुळा किंवा मुठेच्या पाण्यात पांढरे कपडे घालून उतरायची हिंमत अलीकडे कोणी केल्याचं ऐकिवात नाही. पण ब्रोशर करणाऱ्याने नदी पाहिलेली नसते, आणि फ्लॅट घेणाऱ्याने पाहिली असली तरी ती रविवारी सकाळी, सॅम्पल फ्लॅटच्या बंद काचेतून, एसी चालू असताना. काच बंद का होती ते पझेशननंतर कळतं.

या काचेचे पैसे वेगळे पडतात. कोटेशनमध्ये 'पीएलसी' नावाची एक ओळ असते, म्हणजे मोक्याच्या जागेचा आकार. त्याखाली 'फ्लोअर राइज', म्हणजे जितके वर जाल तितका चौरस फुटाचा भाव चढा. वास मात्र सगळ्या मजल्यांना एकाच दराने मिळतो. उन्हाळ्यात तो दुसऱ्या मजल्यावरच्या एक बीएचकेलाही तसाच येतो आणि एकविसाव्या मजल्यावरच्या पेंटहाउसलाही. शहरात समता म्हणून काही उरली असेल तर ती एवढीच.

बालेवाडी, बाणेर, औंध हा मुळेचा दक्षिण काठ. वाकड, पिंपळे निलख, सांगवी हा उत्तर. दक्षिण काठ पुणे महापालिकेत, उत्तर काठ पिंपरी-चिंचवडमध्ये. हद्द पाण्यातून जाते. त्यामुळे जलपर्णी कोणी काढायची हा प्रश्न ती कोणत्या काठाला चिकटून आहे यावर ठरतो, आणि जलपर्णीला हद्दीची समज नसल्यामुळे ती वाऱ्याबरोबर कधी या महापालिकेत तर कधी त्या महापालिकेत असते. बालेवाडी आणि वाकडला जोडणारा पूल नदीवर बांधून तयार झाला, पण पुण्याच्या बाजूला त्याला जोडणारा रस्ताच वर्षानुवर्षं नव्हता. पूल पूर्ण आणि पलीकडे भिंत, अशा अवस्थेत तो इतकी वर्षं उभा राहिला की काही मुलं त्यावर क्रिकेट खेळायला शिकून कॉलेजात गेली असतील.

तर अशा काठावरच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी, 'शुभ सकाळ'च्या गुलाबांमधून वाट काढत, एक फोटो येतो. खाली तीनच शब्द: 'समोर पत्रे लागलेत.'

पत्रे लागले की पुण्यात काय होतं हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मोकळ्या प्लॉटला निळे पत्रे लागले की तिथे काहीतरी उगवणार हे नक्की. अकरा वाजेपर्यंत ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात. संध्याकाळी एक निवृत्त काका फिरायला जाण्याच्या निमित्ताने पत्र्यांपर्यंत जाऊन येतात आणि पाटीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करून आणतात. मग खरी माहिती बाहेर पडते. टॉवर पाच, मजले बत्तीस, फ्लॅट साडेसहाशे. आणि नावात 'रिव्हर'.

"साडेसहाशे फ्लॅट म्हणजे तेराशे गाड्या," एक जण हिशेब मांडतो.

"गाड्यांचं सोडा हो, ड्रेनेज कुठे जाणार?" दुसरा विचारतो.

"आणि आपला व्ह्यू?" हे तिसरा विचारतो. त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळतात.

आता या सोसायटीचा स्वतःचा इतिहास पाहिला, तर तीही बारा वर्षांपूर्वी पत्र्यांमागेच उगवली. तेव्हा तिच्या मागच्या सोसायटीच्या गॅलरीतून नदी दिसायची. त्या सोसायटीने तेव्हा अर्ज केला होता, सह्या गोळा केल्या होत्या, आणि त्यात गाड्या, ड्रेनेज आणि व्ह्यू याच क्रमाने मुद्दे होते. पॅसेंजरच्या जनरल डब्यात फलाटावरून 'अहो सरका की आत, भरपूर जागा आहे' म्हणणारा माणूस एकदा आत शिरला की पुढच्याच स्टेशनात दारात उभा राहून 'मागे जागा आहे, मागे जा' असं ओरडतो. नदीकाठचा फ्लॅटधारक दर पाच वर्षांनी नेमका हाच प्रवास करतो.

मात्र त्याला हसून विषय संपवता येत नाही, कारण त्याचा हेतू काहीही असो, त्याचं म्हणणं बरोबर असतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले 53 महाराष्ट्रात निघाले, म्हणजे देशात पहिला नंबर. मुळा आणि मुठा या दोघी त्यातल्या पहिल्या प्राधान्याच्या यादीत होत्या. पहिल्या प्राधान्याचा अर्थ सर्वांत वाईट असा होतो, हे आपल्याला शाळेपासून पहिला नंबर वेगळ्या कारणासाठी माहीत असल्यामुळे जरा उशिरा ध्यानात येतं. आणि हे पाणी खराब होतं ते कुठल्या अजस्र कारखान्यामुळे नव्हे. मुख्यतः आंघोळी, भांडी, धुणं आणि फ्लश. पुणेकर स्वतःच.

महापालिकेच्या जुन्या मैलापाणी केंद्रांची एकूण क्षमता रोजची 477 दशलक्ष लिटर. ती पुरत नाही हे फार आधी कळलं होतं. म्हणून जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून नवी 11 केंद्रं बांधायची आणि आणखी 396 दशलक्ष लिटरची सोय करायची, असा सुमारे हजार कोटींचा प्रकल्प 2016 च्या सुमाराला मंजूर झाला. पुण्यात 'जायका' हा शब्द त्यानंतर इतका रुळला की लोक 'जायकाचं काय झालं?' असं, परदेशी गेलेल्या भाच्याची चौकशी करावी तशा सुरात विचारतात. उत्तरही तसंच मिळतं: येतोय म्हणतात, पण तारीख सांगत नाहीत. दरम्यान शहर थांबलं नाही. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. गावं आली ती घरं, गुंठेवारी आणि उघड्या ओढ्यांसकट आली. गटाराच्या वाहिन्या मागाहून येणार होत्या.

त्यामुळे नव्या टॉवरच्या साडेसहाशे फ्लॅटांचं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न चोख आहे. सरकारी कागदावर त्याचं उत्तरही चोख आहे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि प्रकल्पाला स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, बांधावं लागतं. तिथून निघालेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरायचं. म्हणजे नदीत काही जायलाच नको.

हा एसटीपी पाहायचा असेल तर कोणत्याही सोसायटीच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये उतरावं. सभासद सहसा तिथे जात नाहीत. गाडी त्याच्या शेजारी लागली तर पार्किंग बदलून मागतात. लोखंडी दार, त्यावर फिकट झालेली 'धोका' ही पाटी, आत तीन टाक्या, एक ब्लोअर आणि एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला ऑपरेटर. भिंतीवर खिळ्याला दोरीने बांधलेलं रजिस्टर. त्यात रोजचे आकडे असतात: आलेलं पाणी, गेलेलं पाणी, ब्लोअर किती तास चालला. आकडे फार सुंदर अक्षरात, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. कधी कधी येत्या रविवारपर्यंतचे भरून झालेले असतात. ब्लोअर मात्र गप्प असतो, कारण गेल्या एजीएममध्ये लाइटबिलावरून रणकंदन झालं होतं आणि 'रात्रीचा बंद ठेवायला काय हरकत आहे?' असा एक तोडगा निघाला होता. रात्रीचा तोडगा हळूहळू दिवसाही लागू झाला. फ्लशला येणारं पाणी पिवळट दिसतं, अशी तक्रार आली म्हणून ती वाहिनीही बंद करून ताजं पाणी जोडलं गेलं. उरलेलं पाणी उताराने जिथे जायचं तिथे जातं. उतार कुठे आहे हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर निळ्या रंगात छापलेलं आहेच.

आणि हे ताजं पाणी येतं टँकरने. समोर नदी, मागच्या गेटला टँकर, हे बाणेर-बालेवाडीपासून खराडी-वाघोलीपर्यंतचं रोजचं दृश्य. मेंटेनन्सच्या बिलातला सर्वांत जाड आकडा टँकरचा असतो. नव्या पाच टॉवरना कुठून पाणी मिळणार, असा सवाल सोसायटी विचारते तेव्हा तिच्या पोटात खरा गोळा आलेला असतो: टँकरवाला एकच आहे.

डासांचं प्रकरण इथे आलंच पाहिजे. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवनगर आणि खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर डासांच्या वावटळी उठल्या. उंच इमारतींच्या मध्ये, नदीपात्रातून वर आकाशापर्यंत फिरत जाणारे करडे खांब. लोकांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले आणि ते देशभर फिरले. जेवढ्या प्रसिद्धीसाठी बिल्डरांना होर्डिंगवर लाखो रुपये घालावे लागतात, तेवढी प्रसिद्धी त्या भागाला एका संध्याकाळी फुकट मिळाली. नंतर जाणकारांनी सांगितलं की हे बहुधा डास नव्हेतच; डासांसारखे दिसणारे, न चावणारे कीटक आहेत, आणि सांडपाण्याने माजलेल्या, जलपर्णीने झाकलेल्या संथ पाण्यात ते असेच फोफावतात. या खुलाशाने कोणाला फारसा दिलासा मिळाला नाही. पीएलसी भरलेल्या गॅलऱ्यांना जाळ्या लागल्या, आणि नदी आता जाळीतून दिसू लागली.

मग येते पूररेषा. या रेषा दोन: निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. कागदावर या रेषा अतिशय देखण्या आहेत. जमिनीवर मात्र राडारोडा आहे. रात्री अकरानंतर नंबरप्लेटवर चिखल माखलेले डंपर येतात, पाडलेल्या वाड्यांच्या आणि फुटलेल्या टाइल्सच्या ढिगांचं तोंड नदीकडे करतात आणि जातात. सकाळी काठ दोन हात पुढे सरकलेला असतो. असं दोन पावसाळे चाललं की जिथे गेल्या वर्षी पाण्यात म्हशी बसायच्या तिथे नर्सरी उभी राहते. नर्सरीनंतर गॅरेज, गॅरेजनंतर लॉन्स, आणि लॉन्सवर दोन-चारशे लग्नं लागली की पत्रे.

मुठेवर खडकवासल्याच्या खाली निळी रेषा 60 हजार क्युसेकच्या हिशेबाने आखलेली आहे. 25 जुलै 2024 च्या सकाळी धरणातून 35 हजारांच्या आसपास पाणी सोडलं जात होतं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक पहिल्या मजल्यावर चढून बसले होते. लष्कराला बोलवावं लागलं, होड्या आल्या. ब्रोशरमधली होडी अखेर दारात आली असं कोणी तरी तेव्हा म्हणालं असेल, पण ज्याचा फ्रीज पाण्यावर तरंगत होता तो नक्कीच म्हणाला नसेल. निम्म्याहून थोड्याच जास्त पाण्यात हे झालं तर रेषा चुकली की नदी, यावर चर्चा झाली. पुण्याच्या प्रशासनाचा कल सुरुवातीला नदी चुकली या बाजूला होता.

जुन्या पुण्यात ही भानगड नव्हती. तिथे पूररेषा एकच, तीही कोणी आखलेली नाही: 12 जुलै 1961. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती वसवाव्या लागल्या. त्यानंतरची कितीतरी वर्षं शनिवार-नारायण पेठेत घर बघायला गेलेल्या माणसाला दलालाच्या आधी शेजारच्या आजीच सांगून टाकायच्या, 'पानशेतचं पाणी इथं या कोनाड्यापर्यंत होतं बरं का.' ज्याला घ्यायचं तो कोनाडा बघून घ्यायचा. रोजच्या वापराला भिडे पूल होताच. तो पाण्याखाली गेला की डेक्कनला वळसा, एवढं जलशास्त्र पुण्याच्या रिक्षावाल्यालाही येतं.

रेषेच्या आत बांधलं तर पुढे काय होतं, याचं ताजं उत्तर इंद्रायणीच्या काठी मिळालं. चिखलीत निळ्या पूररेषेत बंगल्यांचा एक प्रकल्प उभा राहिला होता. नाव 'रिव्हर व्हिला'. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि मे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने 36 बंगले जमीनदोस्त केले. हे बंगले एका रात्रीत उगवले नव्हते. त्यांना वीज होती, रस्ता होता, घरपट्टीची नोंद होती असं रहिवासी सांगत होते. म्हणजे अख्ख्या यंत्रणेला ते वर्षानुवर्षं दिसत होते, फक्त नकाशावर बघताना दिसत नव्हते. ज्यांनी आयुष्यभराची कमाई घातली त्यांच्यावर विनोद करवत नाही. प्लॉट विकताना रेषा कुठे गेली होती हे विचारायला मात्र हरकत नाही.

इकडे सोसायटीत आता हरकत घ्यायचं ठरतं. पण कुठे? 'जनसुनावणी कधी आहे हो?' अशी चौकशी सुरू होते आणि चार दिवसांनी शोध लागतो की इमारतींच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देताना जनसुनावणी लागतच नाही. 2006 च्या अधिसूचनेनेच त्यांना त्यातून वगळलंय. नगरसेवकाला गाठावं म्हटलं तर मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. एरवी 'हे नगरसेवक म्हणजे...' अशी वाक्यं सुरू करणाऱ्या काकांना या काळात नगरसेवकाची फार आठवण झाली. उरलं हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, ही पुणेकरांची सोय म्हणायची की खंडपीठाची परीक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

काही माणसं मात्र ग्रुपवर अंगठे न देता खरोखर नदीवर जातात. 44 किलोमीटरचा, सुमारे 4,700 कोटींचा नदीकाठ सुशोभीकरणाचा प्रकल्प आला, 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा आर्किटेक्ट सारंग यादवाडकरांसारखे लोक नकाशे आणि पूरपातळ्यांचे आकडे घेऊन आधीपासून भांडत होते: काठ बांधत आत आलात तर पाणी जाणार कुठे, आणि मैलापाणी थांबायच्या आधी बाकडी कशाला? एप्रिल 2023 मध्ये झाडांसाठी चिपको मोर्चा निघाला, 2025 च्या फेब्रुवारीत राम-मुळा संगमावरच्या झाडांसाठी पुन्हा. मोर्च्यात शाळेची पोरं होती, आजोबा होते, आणि त्याच काठावरच्या टॉवरमध्ये राहणारेही होते. त्यांना हे विचारणारे भेटतातच की तुम्ही कुठल्या बिल्डिंगमध्ये राहता. राहतात. पण तेवढ्याने झाड तोडायला परवानगी कशी मिळते, हे कोडं विचारणारा सोडवत नाही.

सोसायटीने शेवटी पलीकडच्या काठावरच्या सोसायट्यांशी हातमिळवणी करायचं ठरवलं, की मग संयुक्त बैठक भरते. शनिवारी संध्याकाळी, क्लबहाउसमध्ये, सामोसे आणि चहा. दोन्ही बाजूंनी पुरावे म्हणून आपापल्या गॅलरीतून काढलेले फोटो आणलेले असतात. अलीकडच्यांच्या फोटोत भराव दिसतो, फेस दिसतो, मागे पलीकडच्यांची इमारत दिसते. पलीकडच्यांच्या फोटोत भराव दिसतो, फेस दिसतो, मागे अलीकडच्यांची. दोन्हीकडचे लोक थोडा वेळ फोटो बघत बसतात.

"तुमची ती उजवीकडची विंग आधी नव्हती ना हो?" पलीकडच्या एक बाई विचारतात.

"फेज टू," सेक्रेटरी सांगतात, आणि चहा घ्यायला सुचवतात.

पत्र लिहायचं ठरतं. एकच पत्र दोन आयुक्तांना, तर आधी नाव कोणाचं? शेवटी दोन पत्रं करायची ठरतात. पहिला मुद्दा नव्या टॉवरच्या सांडपाण्याचा. त्यावर एक तरुण मुलगी, बहुधा भाडेकरू, विचारते की आपापले एसटीपी चालू असल्याचं पत्रात आधी लिहूया का, म्हणजे वजन येईल. ही सूचना सर्वांना तत्त्वतः आवडते आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतली जाते. कोपऱ्यातले एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच विचारतात, "प्री-लाँचला काय रेट चाललाय समोर?" शेजारी तितक्याच हळू आकडा सांगतो, म्हणजे त्यानेही विचारलेला असतो.

ठरावाला सूचक मिळतो. अनुमोदक कोण यावर अलीकड-पलीकड सुरू असतानाच वॉचमन दारात येतो. "साहेब, टँकर गेटात अडकलाय. ती पांढरी गाडी कोणाची आहे, जरा काढा ना."

गाडी पलीकडच्यांची निघते. चावी ड्रायव्हरकडे असते, आणि ड्रायव्हर नदीवर फोटो काढायला गेलेला असतो.